बहुजमातीय ग्रामीण भागातील भूमिहीनांना निवासी जमिनीचे न्याय्य वाटप : ओझर व जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

ग्रामीण भूमिहीनांच्या प्रश्नाचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने शेतजमिनीच्या अंगाने झाला. १९४८ चा कूळकायदा, १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा, भूदान चळवळ, कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह या सर्वांचा रोख कसण्याच्या जमिनीवर होता. त्या मानाने घराखालच्या जमिनीचा प्रश्न दुय्यम राहिला. वास्तविक, ज्या कुटुंबाला स्वतःच्या नावावर घराची जागा नाही त्याला घरकुल मिळत नाही, वीजजोडणी आणि नळ मिळण्यात अडचण येते, रहिवासाचा पुरावा देता येत नाही. आणि रहिवासाचा पुरावा नाही म्हणून पुढच्या जमीनवाटपाच्या यादीतही नाव येत नाही. घराची जागा ही अशा रीतीने इतर हक्कांचा पाया असते.

ज्या भागात अनेक जाती, जमाती व धर्मसमूह एकत्र राहतात तेथे या जागेचे वाटप अधिक नाजूक बनते. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील ओझर व त्याभोवतीचा जुन्नर-आंबेगाव परिसर डोळ्यांसमोर ठेवून या वाटपाचे कायदेशीर स्वरूप, त्यातील विषमतेची कारणे आणि न्याय्य कार्यपद्धतीची तत्त्वे यांचे विवेचन केले आहे. वाटप न्याय्य झाले की नाही हे सामान्यतः सोडतीच्या दिवशी पाहिले जाते. परंतु त्याचा खरा निर्णय त्याआधी, पात्र कुटुंबांची यादी तयार होते त्या वेळी झालेला असतो, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

परिसराची सामाजिक व भौगोलिक रचना

अष्टविनायकांपैकी विघ्नेश्वराचे स्थान असलेले ओझर हे गाव जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी, येडगाव धरणाच्या जवळ वसलेले आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांचे पश्चिम व पूर्व असे दोन भिन्न पट्टे पडतात. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत भातशेती, हिरडा आणि वनोपज यांवर जगणाऱ्या महादेव कोळी समाजाची गावे आहेत. ठाकर आणि कातकरी यांच्या वाड्या आहेत. पूर्वेला कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी भिजलेला ऊस, टोमॅटो, कांदा आणि द्राक्षांचा बागायती पट्टा आहे. या पट्ट्यात मराठा आणि माळी शेतकऱ्यांबरोबर धनगर, रामोशी, मुस्लिम, नवबौद्ध, मातंग, चर्मकार अशा अनेक समाजांची वस्ती आहे. बागायतीच्या मजुरीसाठी पश्चिमेकडील ठाकर व अन्य आदिवासी कुटुंबे पूर्वेकडे येतात. त्यांतील काही शेताच्या बांधावर, गायरानाच्या कडेला किंवा कालव्यालगत कायमची राहू लागतात.

या दोन पट्ट्यांमध्ये कायद्याची रेषाही आहे. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेकडील गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालील राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत. वाडी-पाड्याच्या पातळीवर ग्रामसभा भरविण्याची तरतूद त्यांत आहे. पूर्वेकडील बागायती गावे या क्षेत्राबाहेर आहेत. परिणामी, तेच ठाकर किंवा कातकरी कुटुंब पश्चिमेच्या वाडीत असताना स्वतःच्या वाडीच्या ग्रामसभेत बोलू शकते. पूर्वेला मजुरीसाठी येऊन स्थायिक झाले की मोठ्या गावाच्या ग्रामसभेतील एक अल्पसंख्य घटक बनते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे संरक्षण त्याला राज्यभर आहे, परंतु ते असलेली जमीन परक्या हातात जाऊ नये यासाठी आहे. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला त्या कलमाचा प्रत्यक्ष उपयोग होत नाही.

धरणांनी या रचनेत आणखी भर घातली. आंबेगाव तालुक्यातील घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते जुने आंबेगावच बुडाले. पश्चिमेच्या आदिवासींची जमीन पाण्याखाली गेली आणि पाणी पूर्वेला गेले. पुनर्वसन कायद्यांनुसार विस्थापितांना लाभक्षेत्रात जमीन देण्याची तरतूद होती; तथापि अनेक कुटुंबांनी परक्या मुलखात जाण्याऐवजी जलाशयाच्या काठावर, डोंगराच्या वरच्या अंगाला राहणे पत्करले. निवासी जमिनीचा विचार करताना क्षेत्रफळाइतकाच शेजार व परिचित परिसर महत्त्वाचा असतो, हे यावरून दिसून येते.

निवासी जमिनीचे कायदेशीर स्रोत

भूमिहीनांना द्यावयाची निवासी जागा आकाशातून येत नाही. ती मुख्यतः पाच स्रोतांतून उपलब्ध होते.

पहिला स्रोत गावठाणाचा. महसूल संहितेच्या कलम १२२ नुसार गावठाणाची हद्द निश्चित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे व त्यानुसार गावठाणाचा विस्तारही करता येतो. लोकसंख्या वाढली, कुटुंबे विभक्त झाली, तरी अनेक गावांची हद्द जुनीच राहिली. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे मोजणी करून गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका देण्यात येत आहेत. ही योजना उपयुक्त असली तरी तिचा मुख्य आधार गावठाणाची हद्द हा आहे. हद्दीबाहेरच्या वाड्या त्यातून सुटण्याचा धोका राहतो.

दुसरा स्रोत शासकीय पड जमिनीचा व गायरानाचा. गायरान गुरचरणासाठी राखीव असून कलम २२-अ ने त्याचा अन्य वापर मर्यादित केला आहे. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश दिले. त्याच निकालात शासकीय अधिसूचनेद्वारे भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना दिलेल्या जमिनींसारख्या अपवादात्मक प्रकरणी नियमितीकरणाची वाट ठेवलेली आहे, ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते. शासकीय जागेवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण राज्याने २०१८ मध्ये घेतले.

तिसरा स्रोत वनजमिनीचा. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवर शेतीप्रमाणेच वस्तीसाठीही हक्क मागता येतो. मात्र आदिवासींव्यतिरिक्त अन्य पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. एकाच वाडीत शेजारी राहणाऱ्या ठाकर आणि धनगर कुटुंबांना पुराव्याच्या दोन वेगळ्या कसोट्या लागतात, त्या यामुळेच.

चौथा स्रोत खाजगी मालकाच्या जमिनीचा. शेतमालकाच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या झोपडी घालून राहणाऱ्या मजुरांचा विचार कूळकायद्याच्या कलम १६ ते १८ मध्ये केलेला आहे. कुळाला घराखालच्या जागेबाबत असलेले संरक्षण व खरेदीचा हक्क कलम १८ ने शेतमजूर आणि कारागीर यांनाही लागू केला. कातकरी वाड्यांच्या दृष्टीने ही तरतूद फार मोलाची आहे. परंतु वस्तीची जुनी नोंद नसल्यामुळे तिचा वापर करणे कठीण जाते.

पाचवा स्रोत जागा खरेदीचा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आरंभी ५० हजार रुपयांपर्यंत साहाय्य होते. २०२४ मध्ये ही मर्यादा एक लाख रुपये करण्यात आली. येथे १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची अडचण येत असे, कारण प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकता येत नसे. २०२४ मध्ये घरकुलाच्या जागेसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने ही अट शिथिल करण्यात आली. तरीही बागायती पट्ट्यात रस्त्यालगतची जागा या रकमेत मिळणे दुरापास्त असते, आणि पैसे असले तरी विशिष्ट समाजाच्या कुटुंबाला जागा विकण्यास मालक राजी होईलच असे नाही.

क्षेत्रफळातील असमानता

वाटपातील सर्वांत उघड असमानता क्षेत्रफळाची आहे. राज्याच्या पुनर्वसन कायद्यांत नव्या गावठाणातील भूखंडाचे प्रमाण ठरवून दिलेले होते. पाच माणसांपर्यंतच्या शेतकरी कुटुंबाला ३७० चौरस मीटर, तर तेवढ्याच बिगरशेतकरी कुटुंबाला १८५ चौरस मीटर. शेतकऱ्याला गोठा, खळे, वैरण यांसाठी अधिक जागा लागते, हे त्यामागचे समर्थन. ते पूर्णतः गैर नाही. परंतु शेळ्या-कोंबड्या पाळणाऱ्या, सरपण व वनोपज साठविणाऱ्या भूमिहीनालाही अंगण लागते. जुन्या गावातील जमीनधारणेची विषमता नव्या गावाच्या नकाशावर निम्म्या भूखंडाच्या रूपाने पुन्हा उमटली, असे म्हणणे भाग आहे.

दुसरी असमानता योजनागणिक आहे. भटक्या-विमुक्तांसाठी २०११ मध्ये सुरू झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेच्या मूळ आराखड्यात प्रत्येक कुटुंबाला पाच गुंठे, म्हणजे ५,४४५ चौरस फूट जमीन आणि २६९ चौरस फुटांचे घर अभिप्रेत होते. जागा खरेदी योजनेतील मर्यादा मात्र ५०० चौरस फुटांची. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास, अनुसूचित जमातींसाठी शबरी आवास, कातकरी यांच्यासारख्या विशेष असुरक्षित जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेले पंतप्रधान जनमन अभियान यांच्या अटी व रकमा वेगवेगळ्या आहेत. प्रत्येक योजनेला स्वतंत्र ऐतिहासिक कारण आहे आणि ते योग्यही आहे. पण एकाच गावात, एकाच मजुरीवर जगणारी दोन शेजारी कुटुंबे दाखल्यावरील प्रवर्गामुळे दहापटींच्या फरकाने जागा मिळवू शकतात, तेव्हा तो फरक शासनाच्या हिशेबात न राहता दोन समाजांमधील मत्सराचे कारण ठरतो. घर बांधण्याचे साहाय्य प्रवर्गानुसार भिन्न असू शकते. एका गावातील भूखंडाचा किमान आकार मात्र सर्वांना एकच असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

यादीचा प्रश्न : एक काल्पनिक उदाहरण

मुख्य मुद्दा स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गावात गावठाण विस्तारातून ४० भूखंड तयार झाले आहेत आणि घराची जागा नसलेली ६० कुटुंबे आहेत. त्यांपैकी ८ कुटुंबे कातकरी आहेत. सर्व ६० नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या तर प्रत्येक कुटुंबाची संधी दोन-तृतीयांश राहील आणि कातकरी कुटुंबांना सरासरीने पाच भूखंड येतील. आता समजा, ८ पैकी ६ कुटुंबांकडे रहिवासाचा पुरावा नाही, म्हणून त्यांची नावे यादीतून वगळली गेली. यादी ५४ नावांची झाली. सोडत संपूर्ण गावासमोर, लहान मुलाच्या हातून, अत्यंत प्रामाणिकपणे काढली. तरीही कातकरी समाजाच्या वाट्याला सरासरीने एक किंवा दोनच भूखंड येतील. सोडतीत कोणतीही लबाडी झाली नाही आणि निकाल मात्र अन्यायाचा लागला.

पुरावा नसण्याची कारणे त्या कुटुंबांच्या निष्काळजीपणात शोधणे योग्य नव्हे. कातकरी कुटुंबे वर्षातील काही महिने वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जातात. पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याला झोपडी बंद दिसते. झोपडी खाजगी मालकाच्या रानात असल्याने ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये तिची नोंद नसते. नाव नोंदविण्यास मालकाची हरकत असते, कारण नोंद झाली की हक्क सुरू होतो. याउलट गावातल्या गावात विभक्त झालेल्या, काही जमीन असलेल्या कुटुंबाकडे सर्व कागद तयार असतात. पुराव्याची अट सर्वांना समान दिसते. तिचा भार मात्र असमान पडतो.

श्रीलंकेतील गल ओया खोऱ्याचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. १९४९ पासून तेथे धरण बांधून भूमिहीन शेतकऱ्यांच्या वसाहती वसविण्यात आल्या. देशाच्या इतर भागांतून मोठ्या संख्येने सिंहली कुटुंबे तमिळ व मुस्लिम वस्तीच्या पूर्व भागात आली. जमीन भूमिहीनांनाच मिळाली; पण यादीत कोण आणि कोणत्या प्रदेशातून, हा निर्णय आपल्याला डावलून होत असल्याची भावना स्थानिक समाजांत बळावली. जून १९५६ मध्ये भाषेच्या प्रश्नावरून तणाव वाढला तेव्हा त्या खोऱ्यात भीषण दंगल झाली. आपल्याकडील परिस्थिती त्या टोकाची नाही. तथापि यादीवरचा अविश्वास अन्य निमित्ताने उफाळून येतो, हा धडा सार्वत्रिक आहे.

जागेचा व शेजाराचा प्रश्न

पात्रतेनंतर प्रश्न येतो तो कोणता भूखंड कोणाला, हा. रस्त्यालगतचा भूखंड आणि ओढ्याकाठचा भूखंड यांचे क्षेत्रफळ सारखे असले तरी मोल सारखे नसते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळून १५१ जणांचा मृत्यू झाला. आमडे येथे उभारलेल्या ६७ घरांच्या नव्या वसाहतीचे लोकार्पण २ एप्रिल २०१७ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या जूनमधील पहिल्या मोठ्या पावसात तेथील रस्ते व संरक्षक भिंतींचे नुकसान झाले. डोंगराळ भागात जमिनीचा उतार, माती व पाण्याचा निचरा तपासल्याखेरीज केलेले वाटप अपुरे ठरते. भूमिहीनांना सहसा कोणालाही नको असलेली जागा दिली जाते. म्हणून ही तपासणी त्यांच्या बाबतीत अधिक कटाक्षाने व्हावयास हवी.

शेजाराच्या बाबतीत दोन भीती परस्परविरोधी आहेत. प्रत्येक समाजाची वेगळी ओळ बसविली तर गावकुसाबाहेरच्या जुन्या वाड्यांचीच नवी आवृत्ती तयार होते. सर्वांना चिठ्ठीने विखुरले तर अडीअडचणीला धावून येणारे भाऊबंद दूर जातात. वरील उदाहरणात कोणत्याही दोन भावांना दोघांनाही भूखंड मिळण्याची शक्यता निम्म्याहून कमी भरते. तो शेजारी-शेजारी मिळण्याची त्याहून कितीतरी कमी. सिंगापूरने १९८९ पासून शासकीय घरांच्या प्रत्येक इमारतीत वांशिक गटांची कमाल मर्यादा ठरवून सक्तीने मिश्र वस्ती घडविली. लहान खेड्यात अशी सक्ती व्यवहार्य नाही. त्याऐवजी गट-चिठ्ठीची पद्धत उपयोगी पडू शकते. चार-पाच कुटुंबांनी स्वेच्छेने गट करावा, गटाच्या नावाने चिठ्ठी टाकावी, आणि प्रत्येक गल्लीत वेगवेगळे गट यावेत. गट कोणी कोणाबरोबर करावयाचा हे कुटुंबांनी ठरवावे, अधिकाऱ्याने नव्हे. यात भाऊबंदही टिकतात आणि संपूर्ण गल्ली एका जातीची होत नाही.

न्याय्य वाटपाची कार्यपद्धती

उपरोक्त विवेचनावरून पुढील क्रम सुचविता येतो.

१. यादी वाडीवार तयार करावी. तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), ग्रामपंचायत अधिकारी व त्या-त्या वाडीतील स्त्री-पुरुष प्रतिनिधी यांनी प्रत्यक्ष झोपडीगणिक नोंद करावी. स्थलांतराचा काळ टाळून, पावसाळ्यात कुटुंबे घरी असताना ही पाहणी व्हावी.

२. रहिवासाचा पुरावा म्हणून कागदाबरोबरच शाळेचा दाखला, लसीकरणाची नोंद, शेजाऱ्यांचा पंचनामा व ग्रामसभेचा ठराव ग्राह्य धरावा. वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीत वडीलधाऱ्यांचे जबाब पुरावा म्हणून स्वीकारले जातात. तेच तत्त्व येथे लावता येईल.

३. यादी वाडीत मोठ्याने वाचून दाखवावी. फलकावर लावलेली यादी निरक्षर कुटुंबापर्यंत पोहोचत नाही. हरकतीसाठी पुरेशी मुदत द्यावी आणि वगळलेल्या प्रत्येक नावाचे कारण लेखी द्यावे.

४. जागा निवडताना तिचा आजचा वापर कोण करतो हे पाहावे. गायरानावर चरणाऱ्या शेळ्या-मेंढ्याही बहुधा धनगर व भूमिहीनांच्याच असतात. एका गरिबाचे चराऊ रान काढून दुसऱ्या गरिबाला घर देणे हे वाटप नसून स्थलांतर आहे. पर्यायी चराई ठरविल्यावरच गायरानाचा विचार व्हावा.

५. भूखंडाचा किमान आकार सर्व समाजांना समान ठेवावा. प्रत्येक गल्लीला रस्ता व पाणी यांची जोड आधी द्यावी, सोडत नंतर काढावी.

६. भूखंड कमी पडल्यास विधवा व एकल स्त्रिया, दिव्यांग आणि निष्कासनाचा धोका असलेली कुटुंबे यांना प्रथम स्थान देऊन उर्वरितांत सोडत काढावी. वंचित राहिलेल्यांची क्रमवार प्रतीक्षायादी त्याच दिवशी जाहीर करावी.

७. नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावी. शासनाने दिलेली जमीन सामान्यतः भोगवटादार वर्ग-२ म्हणून नोंदविली जाते व परवानगीशिवाय तिचे हस्तांतरण होत नाही. कर्ज किंवा दडपणापोटी जागा हातची जाऊ नये, यासाठी ही अट आवश्यक आहे. ताबा, मोजणी व नोंद एकाच वेळी पूर्ण केल्याखेरीज वाटप झाले असे मानू नये.

निष्कर्ष

जुन्नर-आंबेगाव परिसरात निवासी जमिनीसंबंधी कायद्यांची उणीव नाही. गावठाण विस्तार, वनहक्क, कूळकायद्यातील घराच्या जागेचे कलम, खरेदी साहाय्य, अशी साधने उपलब्ध आहेत. उणीव आहे ती या साधनांपर्यंत पोहोचण्याच्या पहिल्या पायरीची, म्हणजे गावाच्या यादीत आपले नाव असण्याची. ज्याला गाव आपला मानते त्याचे नाव आपोआप लागते. ज्याला गाव मजूर म्हणून ओळखते पण रहिवासी म्हणून नोंदवीत नाही, तो सोडतीपूर्वीच बाद होतो.

म्हणून बहुजमातीय गावातील न्याय्य वाटपाची कसोटी सोडतीच्या पारदर्शकतेपुरती मर्यादित ठेवणे अपुरे आहे. यादीत जे नाहीत ते का नाहीत, हा प्रश्न ग्रामसभेने सोडतीआधी विचारला पाहिजे आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदविले पाहिजे. या परिसरातील महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी आपापल्या दत्तक गावात वाडीवार गणनेचे काम हाती घेतल्यास, अत्यल्प खर्चात एक मोठी उणीव भरून निघण्यास मदत होईल.